मागचे स्पीकर मुकेच? डेमोचा पिक्चर फुसका वाटतोय तर स्क्रू ड्रायव्हर उचलायच्या आधी हे बघा

दर वर्षी गणपतीच्या आधी आणि दिवाळीनंतर मला एकाच प्रकारचे फोन येतात. नवीन होम थिएटर घेतलेलं असतं, रविवारी पाहुणे बोलावलेले असतात, कुणीतरी "साऊंडसाठी हाच बघा" म्हणून सांगितलेला पिक्चर लावलेला असतो आणि पलीकडनं आवाज येतो, "काय ओ, मागनं कायच येईना की." मी बेळगावातल्या वडगावचा, धंद्याने मेकॅनिक वगैरे नाही, मंडळाच्या साऊंडच्या वायरी गुंडाळता गुंडाळता जे शिकलो तेवढंच. खरं गेल्या दहा-बारा वर्षांत शहापूर, अनगोळ, टिळकवाडीपासून खानापूर, निपाणी, संकेश्वरपर्यंत इतक्या घरांत हाच फॉल्ट बघितलाय की आता अर्धा तर फोनवरच सुटतो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

लक्षणं

तुमच्याकडे यातलं काय होतंय ते आधी ठरवा. दोन-तीन एकदम असली तरी घाबरू नका, बहुतेक वेळा मूळ एकच निघतं.

- मागचे दोन स्पीकर गप्प. जाळीला कान लावला तर कुजबुज, नाहीतर तीही नाही.
- पाचही स्पीकरमधून एकच आवाज, लग्नाच्या हॉलसारखा. मोठा आहे, पण कुठून येतोय ते कळत नाही.
- डायलॉग पुटपुटल्यासारखे, आणि मारामारी सुरू झाली की शेजारची आजी खिडकीत. रिमोट हातातून खाली ठेवताच येत नाही.
- सबवूफर सगळ्यावर एकच धुम्म करतोय, किंवा कोपऱ्यात उभं राहिलं तर छाती हादरते आणि सोफ्यावर बसलं तर काहीच नाही.
- एक पिक्चर झकास, दुसरा मेल्यासारखा.
- ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे.
- काही लावलेलं नसतानाही घूंऽऽऽ.

यातलं पाचवं लक्षण असेल तर खुश व्हा, तुमचं मशीन ठणठणीत आहे. एका पिक्चरला मागचे स्पीकर बोलतात म्हणजे वायर, स्पीकर, अ‍ॅम्प सगळं बरोबर. बाकीच्यांनी खालच्या क्रमाने जा. फुकटातलं आधी, हात काळे करायचं शेवटी.

पहिलं: तुम्ही लावलेल्या पिक्चरमधे सराऊंड आहे का?

हसू नका. सराऊंड म्हणजे चारी बाजूंनी वेगवेगळा येणारा आवाज. निपाणीला एका मित्राच्या घरी मी आख्खी संध्याकाळ सिलिंगमधल्या वायरी काढून परत ओढल्या होत्या, तोंडावर पीओपीचा भुगा, खाली वहिनींनी घातलेली जुनी साडी. रात्री साडेनऊला कळलं की वायरींना काहीच झालेलं नव्हतं, आम्ही जो पिक्चर परत परत लावत होतो त्याचा आवाजच दोन चॅनेलचा, म्हणजे नुसता डावा-उजवा होता. वहिनी तिसरा चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवेना. तेव्हापासून हे पहिलं.

पाच स्पीकर आणि एक सबवूफर म्हणजे ५.१. पण कुठला आवाज मागे जाणार हे तुमचं मशीन ठरवत नाही, ते पिक्चरचं मिक्सिंग करणारा माणूस ठरवतो आणि ट्रॅकमधे तसं लिहून ठेवतो. ट्रॅकमधे दोनच चॅनेल असतील तर रिसीव्हर, म्हणजे स्पीकरच्या वायरी जोडतात तो मुख्य डबा, फार तर अंदाजाने थोडा आवाज मागे ढकलेल. खरा सराऊंड त्यातून येणार नाही.

आणि आपल्या भागात याच्यात एक खास गंमत आहे. आपल्याकडे एकाच घरात आजोबा मराठी बघतात, पोरं हिंदी, सूनबाई धारवाडच्या असल्या तर कन्नड. ॲपवर एकाच पिक्चरला चार-पाच भाषांचे ट्रॅक असतात आणि प्रत्येक ट्रॅक वेगळा असतो. मूळ भाषेचा ५.१ नाहीतर त्याच्याही पुढचा, वरूनही आवाज देणारा अ‍ॅटमॉस आणि डब केलेला नुसता दोन चॅनेलचा स्टिरिओ, असं बऱ्याच टायटलला बघितलंय. खानापूरला एका मामांकडे गेलो, त्यांची तक्रार होती की दुकानदाराने फसवलं. मी फक्त ऑडिओच्या मेनूत जाऊन कन्नडवरून मूळ इंग्लिश केलं आणि मागचे स्पीकर असे दणक्यात सुरू झाले की मामी स्वयंपाकघरातून पळत आल्या. मामांना इंग्लिश कळत नाही, त्यामुळे मी निघाल्यावर त्यांनी परत कन्नड लावलं असणार, त्याला माझी हरकत नाही, पिक्चर समजायला हवाच की. पण डेमो दाखवताना मूळ भाषा लावा. मूळ कन्नड पिक्चर असेल तर कन्नडच लावा, तिथे हिंदी डब कमी पडू शकतो.

बाकी सराऊंड नसलेल्या नेहमीच्या जागा सांगतो.

यूट्यूबवरचे "५.१ डेमो टेस्ट" व्हिडिओ बहुतेक स्टिरिओच वाजतात, नावात ५.१ लिहिलं म्हणून होत नाही. पेन ड्राईव्हवर मित्राने दिलेली दाबून दाबून लहान केलेली फाईल, तिच्यात आवाजाचाच बळी आधी दिलेला असतो. लॅपटॉपच्या ब्राउजरमधून लावलेलं बऱ्याचदा दोन चॅनेलच. जुने कृष्णधवल मराठी पिक्चर तर मोनो, ते प्रेमाने बघा, पण त्याच्यावरून स्पीकर तपासू नका.

ॲपमधे टायटलच्या माहितीत ५.१ किंवा अ‍ॅटमॉसचं चिन्ह आहे का ते बघा. नसेल तर इथेच थांबा आणि पिक्चर बदला. डेटा सेव्हर चालू असेल तर तोही काढा, नेट बारीक झालं की काही ॲप चित्राबरोबर आवाजही उतरवतात.

दुसरं: टेस्ट टोन

रिसीव्हरच्या सेटअपमधे टेस्ट टोन असतो. चालू केला की खर्रऽऽ असा आवाज डावा, मधला, उजवा, मग मागचे दोन, असा फिरतो. यात कळीची गोष्ट ही की हा आवाज रिसीव्हर स्वतः काढतो. टीव्ही, ॲप, केबल यांचा संबंधच नाही. म्हणजे टोन पाचही जागी आला तर रिसीव्हरच्या पुढचं सगळं बरोबर आणि फॉल्ट मागे आहे, टीव्हीकडे, केबलकडे, नाहीतर ट्रॅकमधे. एखाद्या जागी टोन आला नाही तर फॉल्ट वायर, स्पीकर किंवा अ‍ॅम्पमधे. पाच मिनिटांत अर्धं घर तपासून होतं, आणि लोक हे सोडून थेट स्टूलवर चढतात.

टोन चालू असतानाच फोनवर डेसिबलचं फुकट ॲप घेऊन सोफ्यावर बसा आणि पाचही स्पीकर ७५ च्या आसपास सारखे करून घ्या. फोनचा आकडा तंतोतंत खरा नसतो, पण आपल्याला पाच जण सारखे करायचेत, आकड्याशी काय देणंघेणं. सबवूफरला फोनचा माइक नीट ऐकत नाही, ते कानाने.

तिसरं: टीव्हीची सेटिंग

टोन येतोय, ट्रॅक ५.१ आहे, तरी मागे गप्प? मग रिसीव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहून येतंय ते वाचा. हा डिस्प्ले म्हणजे डॉक्टरचा रिपोर्ट आहे आणि कुणीच वाचत नाही. डॉल्बी डिजिटल, डॉल्बी अ‍ॅटमॉस, डीटीएस (डॉल्बीसारखीच दुसरी पद्धत) असं काही आलं तर आवाज नीट पोचतोय. "पीसीएम" किंवा "स्टिरिओ" आलं तर टीव्हीने वाटेतच सहा चॅनेलचे दोन करून टाकलेत.

टीव्हीच्या साऊंड सेटिंगमधे डिजिटल आऊटपुट किंवा तसंच काहीतरी असतं, ते पीसीएमवर असेल तर ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास थ्रू करा. काही कंपन्या पीसीएमवर ठेवतात कारण ते कुठल्याही जुन्या मशीनवर वाजतं, तक्रार येत नाही. आणि टीव्हीचं अपडेट आलं की कधीकधी ही सेटिंग परत पहिल्यासारखी होते, म्हणून "काल वाजत होतं, आज नाही" असं असेल तर सगळ्यात आधी इथे बघा. डिस्क प्लेयर आणि सेट-टॉप बॉक्सलाही अशीच सेटिंग असते.

काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. अशा वेळी त्याच पिक्चरचा डॉल्बी ट्रॅक निवडा, नाहीतर प्लेयर टीव्हीला न जोडता थेट रिसीव्हरला जोडा.

चौथं: केबल कुठली आणि कुठल्या भोकात

एचडीएमआय केबल टीव्हीच्या त्याच पोर्टमधे हवी जिथे एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय, टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवायची वाट तीच. बाकीच्या पोर्टमधून आवाज परत बाहेर येत नाही, ते फक्त आत घ्यायला. आणि टीव्हीच्या मेनूत सीईसी (टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांशी बोलतात ती सोय) चालू हवं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, शोधावं लागतं.

साधा एआरसी डॉल्बी डिजिटल आणि ॲपवरचा अ‍ॅटमॉस घेऊन जातो, डेमोसाठी तेवढं पुरतं. ब्लू-रे डिस्कवरचा ट्रू एचडी, म्हणजे काहीच न गाळलेला आवाज, त्याला ईएआरसी लागतो नाहीतर प्लेयर थेट रिसीव्हरला. ऑप्टिकल केबल, ती लाल दिव्याची, साधा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ नेते, अ‍ॅटमॉस नाही.

आता जरा कडू बोलतो. आपल्याकडे बरेच जण "५.१" लिहिलेला सेट घेतात, पाच छोटे स्पीकर, एक मोठा डबा, पुढे निळा दिवा, आणि तो टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून ऑक्सला किंवा फोनवरून ब्लूटूथने लावलेला असतो. ऑक्सच्या वायरीतून दोनच चॅनेल जातात, ब्लूटूथवरही दोनच. मागच्या स्पीकरना तो डबा पुढचाच आवाज देतो. अशा सेटमधे डॉल्बी उकलणारा डिकोडरच नसेल तर जगातला कुठलाही पिक्चर लावा, सराऊंड येणार नाही. डब्याच्या मागे सहा आरसीए भोकं असतील तर वेगळा ५.१ डिकोडर घेऊन काम होतं. नसतील तर ते गाणी ऐकायचं मशीन समजा, वाईट नाही, पण त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका. हे मी लोकांच्या घरी बसून सांगतो तेव्हा फार शांतता पसरते.

पाचवं: मोड

"ऑल चॅनेल स्टिरिओ" किंवा "पार्टी" मोड लागलेला असतो, बर्थडेला कुणीतरी लावलेला. म्हणूनच पाचही स्पीकरमधून एकच आवाज. "स्ट्रेट", "ऑटो" किंवा "मूव्ही" करा. नाईट मोड असेल तर तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो, रात्री बारा वाजता शेजाऱ्यांसाठी उत्तम, डेमोला नको. ओठ-आवाजाचं म्हणाल तर आवाज आधी येत असेल तर रिसीव्हरमधे लिप सिंकचा डिले वाढवा, आवाज उशिरा येत असेल तर रिसीव्हर काही करू शकत नाही, मधे ब्लूटूथ असेल तर काढा.

मग लावायचं काय?

इथपर्यंत आलात आणि डिस्प्लेवर डॉल्बी किंवा डीटीएस दिसतंय तर आता तो मजेचा भाग. लोक डेमो म्हणून सगळ्यात मोठा आवाज असलेला पिक्चर शोधतात. मोठ्या आवाजात फॉल्ट लपतो. माझं म्हणणं असं की एका सीनने एकच गोष्ट तपासा, आणि तोच सीन प्रत्येक घरी लावा, म्हणजे कानाला माप राहतं. माझ्या पेन ड्राईव्हच्या डबीत नव्हे, माझ्या डोक्यात हे सीन बसलेत.

मागचे-पुढचे नीट फिरतात का: हाऊस ऑफ फ्लाइंग डॅगर्स, २००४, चिनी. त्यात नाचणारी बाई मधे उभी आणि भोवती गोल ढोल उभे केलेले, समोरचा अधिकारी दाणे फेकून ज्या ढोलावर मारेल त्याच ढोलावर तिने लांब बाहीने मारायचं. डोळे मिटून बसा आणि बोटाने दाखवा आवाज कुठून आला. मागे डावीकडे वाजायला हवं तिथे पुढे वाजलं तर वायर उलटसुलट झालीय. याच्याइतका सोपा नकाशा मला दुसऱ्या कुठल्या पिक्चरमधे मिळाला नाही. पोरांना तर हा खेळच वाटतो.

मागचे स्पीकर जास्त झालेत का कमी: रोमा, २०१८, काळा-पांढरा, मेक्सिको सिटीतलं घर, पार्श्वसंगीत मुळी नाहीच. सगळा आवाज घराचा, गल्लीचा, फेरीवाल्यांचा, शेवटी समुद्राचा. बाहेर गल्लीत कुत्रं भुंकलं आणि तुम्ही आपल्याच दाराकडे बघितलंत तर मागची पातळी बरोबर. पाहुण्यांना हा लावलात तर दहा मिनिटांत उठतील, ते वेगळं. हा तपासायचा पिक्चर आहे, मिरवायचा नाही.

मधला स्पीकर आणि डायलॉग: याच दिग्दर्शकाचा, अल्फोन्सो कुआरोनचा, ग्रॅव्हिटी, २०१३, साऊंडची तेव्हाची दोन्ही ऑस्कर मिळालेला. नेहमी डायलॉग मधल्या स्पीकरमधे बांधलेले असतात, यात ते अंतराळवीराबरोबर फिरतात. तो डावीकडून मागे गेला की बोलणंही मागे जातं. फिरताना आवाजाचा पोत बदलला, मधे भरदार आणि मागे पत्र्यासारखा, तर स्पीकर एकमेकांशी जुळणारे नाहीत. खरं डायलॉग बारीक आहेत म्हणून तक्रार असेल तर इंटरस्टेलर लावून तपासू नका, त्यात काही ठिकाणी डायलॉग संगीताखाली मुद्दाम दबलेत असं ख्रिस्तोफर नोलनने स्वतः सांगितलंय, तुम्ही उगाच मधला स्पीकर वाढवत बसाल.

वर-खाली आणि अंतर: मास्टर अँड कमांडर, २००३. सुरुवातीलाच धुक्यात जहाजावर हल्ला होतो. तोफेच्या आधीची शांतता ऐका, लाकडाची कुरकुर, वरच्या डेकवरचे पाय. मग पहिला गोळा. तुमच्या घरात त्या शांततेतच घूंऽऽ ऐकू आलं तर खालचं आठवं वाचा.

सबवूफर: जुरासिक पार्क, १९९३. गाडीतल्या ग्लासातलं पाणी हलतं तो सीन. शूटिंगला ते पाणी गाडीखाली गिटारची तार लावून हलवलं होतं म्हणे, ती गोष्ट प्रसिद्ध आहे, पण आपल्याला पावलांशी मतलब. प्रत्येक पाऊल वेगळं, सुरुवात आणि शेवट असलेलं ऐकू यायला हवं. सगळी पावलं मिळून एकच गडगडाट झाला तर सबवूफर कोपऱ्यात अडकलाय किंवा फार वाढवलाय.

मिरवायला: मॅड मॅक्स फ्युरी रोड, २०१५, वाळूचं वादळ. यानेही साऊंडची दोन्ही ऑस्कर घेतली. सगळं बसल्यावर शेवटी हा.

आणि हो, पाहुणे "झिंगाट" लावा म्हणणारच. लावा की. सैराटच्या संगीताचा वाद्यवृंद हॉलीवूडमधल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालेला, २०१७ मधे त्याचा कन्नड रिमेक मनसु मल्लिगे आला तेव्हा तिकडच्या पाहुण्यांनाही ते पाठ झालं, त्यामुळे दोन्ही भाषांचे लोक एकदम उठतात. पण गाणं मुख्यतः पुढूनच येतं, त्यावरून मागचे स्पीकर तपासायचे नाहीत.

एक वडगाव-शहापूरवाल्यांसाठी. शेजारी विणकामाचे माग चालू असतील तर शांत सीन लावूच नका, खटखट खटखट सगळ्या स्पीकरवर भारी पडते. माग बंद झाल्यावर लावा.

सहावं: वायर

टेस्ट टोन एखाद्या जागी आला नसेल तरच इथे या. आधी मशीन बंद, प्लग बाहेर. समजा मागचा डावा गप्प आहे, तर तो स्पीकर काढून उजव्याच्या वायरीला लावा. वाजला तर स्पीकर बरा, वायर किंवा अ‍ॅम्पचा तो चॅनेल खराब. नाही वाजला तर स्पीकर गेला. या अदलाबदलीला खर्च शून्य.

आपल्याकडच्या पावसाळ्यात, खानापूरकडे तर बोलायलाच नको, तांब्याचं टोक काळं-हिरवं पडतं आणि स्प्रिंगच्या क्लिपमधे नीट धरत नाही. टोक अर्धा इंच कापा, नवीन सोला, पिळ घाला. तांब्याचा एकही केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका, टेकलं की अ‍ॅम्प प्रोटेक्टमधे जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतो. माळ्यावरून वायर असेल तर उंदराचे दात बघा.

प्लस-मायनस उलटं लागलं तर स्पीकर वाजतो पण आवाज पातळ होतो, खालचा सूर गायब. लोकांना हे कळतच नाही कारण "वाजतोय की". वायर अ‍ॅम्पपासून सोडवून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा, सेलचं प्लस वायरीच्या प्लसला. कोन बाहेर सरकला तर बरोबर, आत गेला तर उलट. धरून ठेवू नका, टेकवा आणि काढा.

सातवं: जागा

पीओपीवाल्याने मागचे स्पीकर छताच्या कोपऱ्यात लावलेले असतात, बघायला छान. ५.१ मधे ते कानाच्या थोडे मागे, समोर शून्य धरलं तर ११० ते १२० अंशांवर, आणि बसल्यावर कानापेक्षा थोडे वर हवेत. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असेल तर एक-दीड फूट पुढे ओढा. आपल्या गल्लीतली जुनी घरं लांबट आणि अरुंद, तिथे सोफा पुढे घ्यायला जागा असते पण घरचे तयार नसतात, ते तुमचं तुम्ही बघा.

रिसीव्हरमधे प्रत्येक स्पीकरचं अंतर टाकायचं असतं. आवाज एका सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद. मीटरच्या जागी फूट टाकले तर मागचा आवाज भलत्याच वेळी पोचतो. एका घरी तीन मीटरचे तीन फूट झालेले होते, बाकी सगळं बरोबर असून आवाज गढूळ. स्पीकर लहान असतील तर क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा) ८० हर्ट्झला ठेवून सुरू करा.

सबवूफरसाठी जुनी युक्ती: सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवा, जुरासिक पार्कची पावलं चालू करा आणि खोलीच्या कडेने गुडघ्यावर रांगत जा. जिथे पावलं स्वच्छ ऐकू येतील तिथे सबवूफर ठेवा. घरात कुणी नसताना करा.

सगळी खोली टाईल्स आणि काचेच्या शोकेसची असेल तर डायलॉग घुमणारच. भिंतीवर फोम लावायच्या आधी खाली एक जाड सतरंजी आणि बाजूच्या भिंतीवर आजीची वाकळ टांगून बघा. फरक कानाला कळला तर मग पडद्यावर खर्च करा.

आठवं: घूंऽऽ

डिश किंवा केबल टीव्हीची गोल वायर टीव्हीमागून काढा. घूं थांबलं तर दोन ठिकाणच्या अर्थिंगचा घोळ आहे, त्या वायरीला आयसोलेटर मिळतो. नाही थांबलं तर टीव्ही आणि रिसीव्हर एकाच बोर्डवर लावून बघा. कुणीतरी सांगेल की प्लगची तिसरी मोठी पिन काढून टाक, घूं जाईल. जाईल, आणि एखाद्या दिवशी रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावणाऱ्याचा जीवही जाईल. ती पिन काढायची नाही.

इथे थांबा

यातलं काही असेल तर पुढे स्वतः काही करू नका:

- रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात किंवा झटका बसतो. हे घराच्या अर्थिंगचं काम, परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा, तोपर्यंत मशीन बंद.
- सगळ्या स्पीकर वायरी काढूनही प्रोटेक्ट येतं. अ‍ॅम्प आतून गेलाय.
- जळका वास, धूर, फुगलेला कपॅसिटर जाळीतून दिसतोय.
- स्पीकर आणि वायर दोन्ही बदलूनही त्याच चॅनेलवर टोन येत नाही.
- दुसरी केबल, दुसरी सेटिंग करूनही एआरसी दिसतच नाही, आणि मधे वीज कडाडून गेलेली आहे. पोर्ट जळालेला असू शकतो, बोर्ड लेव्हलचं काम.

मशीनचं झाकण उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमधे चार्ज राहतो, आणि सील तुटलं की वॉरंटीही गेली. कंपनीच्या सर्विस सेंटरला द्या, बिल आणि वॉरंटी कार्ड बरोबर. त्यांना नुसतं "आवाज येत नाही" सांगू नका. कुठल्या चॅनेलवर टोन येत नाही आणि अदलाबदल करून काय झालं ते कागदावर लिहून द्या, नाहीतर चार दिवसांनी "चेक केलं, ओके आहे" म्हणून परत येतं. माझ्याकडे असं परत आलेलं मशीन दोनदा आलंय.

एप्रिल-मेमधे वळवाचे ढग काकतीकडून काळे दिसायला लागले की पिक्चर अर्धा असला तरी बंद करा, दोन्ही प्लग काढा आणि डिशची वायरही काढा. लोक प्लग काढतात, वायर तशीच राहते, आणि वीज तिथूनच येते.

मला फोन करणाऱ्यांसाठी: पिक्चरचं नाव आणि भाषा, आणि डिस्प्लेवर काय लिहून येतंय, एवढं बघून मगच करा. आणि रविवारी पाहुणे दारात आल्यावर नको, शनिवारी करा.